पिस्तुलाचं ताट

सगळ्या हैदराबादेत पॉइंट टूटूचं निशाणबाजीचं पिस्तूल माझ्याइतकं झटपट खोलणारा दुसरा माणूस नव्हता. परत जोडताना मात्र एखादा तुकडा ताटात उरायचाच.

ताट म्हणलं ते खरंच ताट. कोठीच्या बाजारातून आणलेलं, काठाचं, ॲल्युमिनियमचं. त्यात कधी कुणी जेवलं नाही, कारण त्याला रॉकेलचा वास यायचा. बायकोनं एकदा चुकून त्यात कांदा चिरला आणि तो कांदा म्हशीनं पण खाल्ला नाही.

मी सरकारी रेंजवर कामाला होतो. रेंज म्हणजे काय, गावाबाहेर एक मैदान. पलीकडं मातीचा उंच बांध, अलीकडं पत्र्याचं छप्पर आणि हत्यारांची खोली. साहेब लोक रविवारी यायचे, कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर गोळ्या झाडायचे, चहा पिऊन जायचे. भोकं कागदाला कमी पडायची, बांधाला जास्त. मग हत्यारं पुसायचं काम माझं. बंदुका बऱ्याच होत्या, पण पिस्तूल ते एकच. शाळा मी फक्त बाहेरून बघितलेली. तेवढ्या शिक्षणावर सरकारात एवढंच मिळतं, आणि एवढं मिळालं म्हणून मी छाती काढून चालायचो.

खोलीचे मुख्य होते उस्ताद. म्हातारा माणूस, दाढी कापसासारखी, ओठ पानानं लाल. सगळी हयात हत्यारांत गेलेली. पण आता डोळे गेले होते. बंदूक कुणाची हे वासावरून सांगायचे, समोर उभा कोण हे मात्र विचारावं लागायचं. बारीक काम त्यांच्याच्यानं होईना, म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मियाँ, आसान है. कपडा बिछाव, जैसा निकला वैसा रखते जाव, फिर उल्टा चलके वापस लगाव."

मी म्हणलं, "उस्ताद, माझं डोकं सुलटं चालत नाही, उलटं कुठून चालणार?"

आणि चाललंच नाही. खोलायचो फटाफट. मॅगझिन काढ, नळी रिकामी आहे का बघ, मागची खिटी ओढ, बोल्ट बाहेर, नळी वेगळी. मग तांब्याच्या तारांचा ब्रश नळीतून फिरव, चिंधी फिरव, चिंधी पांढरी निघेपर्यंत फिरव. ह्या गोळ्या मेण लावलेल्या शिशाच्या, बारक्या, पण घाण अशी करतात की चुलीतली काजळी बरी. दात घासायच्या जुन्या ब्रशनं कोपरे घासायचे, आबिड्सच्या दुकानातलं पातळ तेल बोटाला लागेल एवढंच लावायचं. इथवर मी राजा. मग कपड्यावर बघायचो तर सगळे तुकडे सारखेच दिसायचे. पावण्यांच्या गर्दीत आपलं कोण ते कळू नये, तसं.

तेव्हा मला ताट सुचलं.

आमच्या गावाकडं, नांदेडच्या बाजूला, लग्नात पंगत बसली की वाढायला मी. लहानपणापासून हेच. शेतात माझा उपयोग नव्हता, शाळेत नव्हता, पण पंगतीत मला बोलावणं यायचं. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी. उजव्या हाताला भाजी, वरण. मधी भात. वाढपी समोर वाकून वाढतो, म्हणून मीठ वाढप्याच्या उजव्या हाताला येतं. हे मला झोपेतून उठवून विचारा. तोंड चुकेल, हात चुकणार नाही.

मग मी पिस्तूल वाढायला लागलो. भाताच्या जागी मूठ. वरच्या अंगाला पोळीसारखी नळी. भाजीच्या जागी बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटात सुई बसते तो दांडा. वरणाच्या जागी मागची मोठी स्प्रिंग, तिच्या डोक्याला तर खरंच एक इवलीशी वाटी असते. चटणीच्या जागी सुई आणि सुईची स्प्रिंग. आणि मिठाच्या जागी एक पिन. गव्हाच्या दाण्याएवढी.

ती पिन काय करते ते सांगतो, नाहीतर पुढचं माझं शहाणपण तुम्हाला कळायचं नाही. ह्या गोळीच्या बुडाला मार मधोमध बसत नाही, कडेला बसतो. नळीत गोळी नसताना कुणी चाप ओढला तर सुई सरळ नळीच्या तोंडाच्या काठावर आपटते. तिथं खळगा पडतो, आणि मग गोळी नीट आत जात नाही. पिन सुईला अलीकडंच थांबवते. एवढंच तिचं काम. ती नसली तरी पिस्तूल चालतं, आवाज येतो, साहेब खूश होतात. म्हणून तर ती विसरायला होते. पण पंगतीत मीठ आधी वाढतात, आणि जोडताना पण ती पिन आधीच लागते, बोल्टमध्ये सुईबरोबर. माझं काम सोपं झालं. मीठ, चटणी, भाजी, पोळी, भात, वरण. पिस्तूल तयार.

उस्तादांनी ताट हातानं चाचपलं आणि म्हणाले, "मियाँ, ये पिस्तौल है की वलीमा?" वलीमा म्हणजे त्यांच्यातलं लग्नाचं जेवण.

पण तुकडे उरायचे कमी झाले. म्हणजे, कधीतरीच.

अशात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठी बोलणारे मुंबईकडं, कानडी म्हैसूरकडं, तेलुगू आंध्रात. माणसं, कपाटं, खुर्च्या, सगळ्यांची वाटणी. एक बाबू खडू घेऊन फिरायचा आणि खुणा करायचा. मी एका खुर्चीवर बसून चहा पीत होतो, त्यानं मला उठवलं, खूण केली, आणि ती खुर्ची गुलबर्ग्याला गेली. मला खडू लावला नाही एवढंच. माझ्या बोलीवरून माझं ठरलं, औरंगाबाद.

मी म्हणलं, "नक्को. मी जात नाही, उगं परेशान करू नका."

बाबू म्हणाला, "तुमची मातृभाषा मराठी आहे ना?"

"हौ, आहे. आई मेली, भाषा राहिली. म्हणून काय तिच्यामागं औरंगाबादला जाऊ? मी ते गाव बघितलं पण नाही."

तिकडून माणसं मोजून न्यायला एक साहेब आले होते, कोट घातलेले. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "हौ काय, नक्को काय, परेशान काय! ही कुठली मराठी?"

"हैदराबादची आहे," मी म्हणलं. "न्यायची तर अशीच न्यावी लागंल. धुऊन मिळणार नाही."

कोटवाले साहेबांनी हातातली वही मिटली. मला वाटलं मी जिंकलो. त्यांच्या मनात तेव्हाच काय बसलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.

आता खरं कारण सांगतो. भाषेचं, स्वाभिमानाचं मी चारचौघांत बोलायचो. खरी गोष्ट होती बायको. ती इथंच, हैदराबादच्या नल्लकुंट्यात जन्मलेली. मराठी घरातली, पण तेलुगू अशी बोलायची की बाजारात तिला कुणी मराठी मानायचं नाही. घराच्या मागं तिच्या दोन म्हशी, आणि अर्ध्या गल्लीला तिचं दूध. म्हशींना पण तेलुगूच कळायचं. मी मराठीत हाक मारली तर मान वळवायच्या नाहीत. तिनं "दा, दा" म्हणलं की शेपूट हलवत यायच्या. त्या घरात माझा नंबर तिसरा होता, आणि तिसऱ्या म्हशीचा विचार चालला होता.

औरंगाबादचं मी घरी सांगितलं तेव्हा ती धार काढत होती. वर बघितलं पण नाही.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "मी नाही येणार. म्हशी नाही येणार."

"अगं, नवऱ्याबरोबर नको का यायला?"

"नवरा सरकारचा. म्हशी माझ्या."

"मग मी एकटा काय करू तिकडं?"

"पत्र पाठवा."

"मला लिहिता येत नाही."

"मला कुठं मराठी वाचता येतं? बरं झालं की. टिकिटाचा खर्च वाचला."

हसत नव्हती ती. धारेचा आवाज चालूच होता. मला कळलं, ही खरंच येणार नाही. आणि मला हे पण कळलं की तिच्याशिवाय मी औरंगाबादलाच काय, शेजारच्या गल्लीत पण राहू शकणार नाही. तिला तसं सांगायला जीभ उचलली नाही. म्हणून मी सरकारला सांगायचं ठरवलं.

नवे मोठे साहेब गुंटूरकडचे होते. उंच, चष्मा, स्वतः चांगला नेम धरणारे. बांधाला कमी मारायचे, कागदाला जास्त. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. उस्ताद माझ्यामागं, खोकत.

"एमय्या, तुम क्यों नहीं जाता?" साहेब म्हणाले. एमय्या म्हणजे काय रे बाबा.

"साहेब, आपलं ते टूटूचं पिस्तूल कुठं राहणार? इथं की तिकडं?"

"इधर."

"मग मी पण इधरच. उस्तादांचे डोळे गेले. हे पिस्तूल खोलून साफ करून परत जोडणारा अख्ख्या रेंजवर माझ्याशिवाय कुणी नाही. मला तिकडं पाठवलं तर पिस्तूल पण पाठवा. नाहीतर पिस्तूल इथं आणि त्याचा माणूस तिकडं, ही कुठली वाटणी?"

उस्तादांचा खोकला एकदम वाढला. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "करके दिखाव. मेरे सामने. हुआ तो मैं बोलता, ये आदमी इधर होना."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर टेबल, टेबलावर माझं ताट. मी घरून घासून आणलेलं. बाबू दारात उभा. उस्ताद बूट काढून एका कोपऱ्यात. मी पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे साहेबांना दाखवलं, आणि खोलायला लागलो. असं खोललं, असं खोललं की बाबू पण दोन पावलं पुढं आला. मीठ, चटणी, भाजी, भात, पोळी, वरण. सगळं जागच्या जागी. ब्रश फिरवला, चिंध्या फिरवल्या, तेलाचं बोट लावलं. साहेबांची मान हलायला लागली.

"अब जोडो," साहेब म्हणाले. "इधर आके बैठो, खिडकी के सामने. उजेला में. मेरेकु दिखना."

माझ्यासाठी त्यांनी खुर्ची ओढली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, आणि स्वतः माझ्या समोर येऊन बसले. मोठ्या साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली म्हणल्यावर मी काय करणार? फुगून जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी पंगतीत वाढप्याच्या जागी नव्हतो, जेवणाऱ्याच्या जागी होतो.

तिथंच माझं वाटोळं झालं. ताट होतं तसंच होतं, मी मात्र फिरलो होतो. उजवा हात मिठाकडं म्हणून गेला तो भाजीत पडला. बोल्ट आधी उचलला. मग चटणी शोधायला गेलो तर हातात वरणाची स्प्रिंग. कपाळाला घाम. डोक्याला कळत होतं की उलटं झालंय, पण हात ऐकत नव्हता. तो बिचारा सगळी उमर एकाच बाजूनं वाढत आलेला. तरी मी रेटलं. मी असं कधी म्हणत नाही की मला जमत नाही, आधी बिघडवतो.

आता ह्या पिस्तुलाची एक खोड आहे. घोड्याच्या पोटातून एक काडी लोंबते. मागची स्प्रिंग बसवताना ती काडी बरोबर स्प्रिंगच्या डोक्यावरच्या वाटीत बसली पाहिजे, आणि त्यासाठी पिस्तूल कलतं धरावं लागतं. काडी वाटीबाहेर राहिली तर बोल्ट मागं येतच नाही. मी रोजच्या सवयीनं कलतं केलं. रोज मी वाढप्याच्या बाजूला असतो आणि समोर भिंत असते. आज समोर साहेब होते. नळीचं तोंड सरळ त्यांच्या पोटावर.

रिकामं होतं, सगळ्यांनी बघितलेलं होतं. पण तसं धरायचं नसतं, रिकामं असलं तरी नसतं, हा उस्तादांचा पहिला धडा. साहेब खुर्चीसकट मागं सरकले, टेबलाला गुडघा लागला, ताट उडालं. काठामुळं बहुतेक तुकडे आतच राहिले. उस्तादांना दिसत नव्हतं, पण काय झालं ते कळलं. म्हणाले, "या अल्ला, मेहमान पर ही परोस दिया."

मी पिस्तूल खाली ठेवलं, तोंड भिंतीकडं करून. बोल्ट ओढून बघितला. हलला नाही. काडी वाटीबाहेर.

"हो गया?" साहेब म्हणाले. आवाज थंड.

बाबू दारातून म्हणाला, "साब, इसको औरंगाबाद में डालूँ?"

तेव्हा मला राग आला. स्वतःचा आला असता तर बरं झालं असतं, पण माझा राग नेहमी दुसऱ्यावर निघतो. मी उभा राहिलो. "साहेब, ह्या बाजूनं मी करणार नाही. ही जेवणाऱ्याची बाजू आहे. मी वाढपी आहे. मला माझ्या बाजूला जाऊ द्या, मग बघा."

साहेबांनी तेलुगूत काहीतरी म्हणलं आणि ताट माझ्याकडं फिरवायला हात घातला. मी ताट धरून ठेवलं. मोठ्या साहेबांच्या हातातून! "ताट फिरवायचं नसतं साहेब. वाढप्यानं फिरायचं."

त्यांनी हात काढून घेतला. माणूस भला होता. म्हणाले, "घूमो."

मी फिरलो. आपल्या बाजूला आलो, वाकलो, आणि हाताला ओळख पटली. सगळं परत खोललं. उजवा हात मिठाकडं गेला, आणि मिठाची जागा रिकामी.

पिन ताट उडालं तेव्हाच गेलेली. कुठं, देव जाणे. आता खरं बोलायचं तर दुसऱ्यांदा तोंड काळं. न बोलता जोडलं तर पिस्तूल चालणार. मी जोडायला घेतलं. चटणी, भाजी, पोळी, भात. पिस्तूल कलतं केलं, भिंतीकडं, काडी टुकदिशी वाटीत बसली. खिटी लावली. बोल्ट मागं ओढला तर लोण्यासारखा आला. मी पिस्तूल साहेबांपुढं ठेवलं आणि सलाम ठोकला, असा की पत्र्याचं छप्पर पण ताठ झालं असेल.

साहेब हसले. खरंच हसले. पिस्तूल उचललं, भिंतीकडं धरलं, आणि चापावर बोट नेलं.

"ठैरो साब," कोपऱ्यातून उस्ताद म्हणाले.

ते हळूच वाकले. अनवाणी पाय उचलला, टाचेला चिकटलेलं काहीतरी काढलं आणि तळहातावर धरून पुढं आले. गव्हाच्या दाण्याएवढं.

"मियाँ," ते म्हणाले, "नमक भूले."

साहेबांनी चापावरचं बोट काढलं. पिन बघितली, मला बघितलं. त्यांना पण कळलं पिन नसताना चाप ओढला असता तर काय झालं असतं. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. मी म्हणलं, "साहेब, तिसऱ्यांदा…" ते म्हणाले, "जाव."

पुढचे दिवस मी सगळ्यांशी भांडलो. बाबूला म्हणलं, माझं नाव लिहिलंस तर मी फाटकात आडवा होईन, मोटार माझ्यावरून ने. तो म्हणाला, मोटार पण औरंगाबादलाच चाललीय. म्हशींना पण सांगून टाकलं की मी कुठं जात नाही. त्यांनी रवंथ केला. बायको आपली धार काढत होती. पण एकदा मी बघितलं, माझा एक सदरा धुऊन, नीट घडी करून तिनं वेगळा ठेवला होता. प्रवासाला ठेवतात तसा. त्या सदऱ्याकडं बघून मला जेवण गेलं नाही. मी तो सदरा उचलून परत मळक्यात टाकला.

मग एका सकाळी जाणाऱ्यांची नावं अंगणात वाचून दाखवली. एकेक माणूस पुढं व्हायचा. माझं नाव आलंच नाही. बाबूनं कागद घडी केला तरी मी मान पुढं काढून उभाच. "झालं," तो म्हणाला. "घरी जा."

मी घरी गेलो नाही, उडत गेलो. कोठीवरून गरम जिलेबी घेतली. वाटेत भेटेल त्याला सांगितलं की सरकार नमलं. नल्लकुंट्याच्या तोंडापासूनच ओरडत आलो. उस्ताद आमच्या ओट्यावर बसलेले, दुधाचा लोटा घेऊन, रोजच्यासारखे. बायको म्हशींच्या मागं.

"बघितलं का?" मी म्हणलं. "मी म्हणलं नव्हतं? नाही जात म्हणजे नाही जात. साहेबाला कळलं, ह्या माणसाशिवाय रेंज चालत नाही. ठेवून घेतलं मला! मोठ्या साहेबानं ठेवून घेतलं!"

उस्ताद लोट्यात बघायला लागले. डोळे नसलेला माणूस इतकं लक्ष देऊन दुधात काय बघतो, मला कळेना.

बायकोनं हात पुसले. जिलेबीचा पुडा घेतला, आधी उस्तादांना दिली, मग स्वतः घेतली. चावत चावत म्हणाली, "उस्तादांसमोर साहेबानं औरंगाबादला फोन लावला होता. पिस्तुलाचा माणूस पाठवतो म्हणाले. तिकडं तेच कोटवाले साहेब होते. त्यांनी विचारलं, तोच ना, हौ नक्को करणारा? पिस्तूल जोडता येतं का त्याला? साहेब खोटं बोलणारा माणूस नाही, त्यानं सगळं सांगितलं. तिकडचे म्हणाले, मग राहू द्या, आमच्याकडं पण पिस्तूल एकच आहे." तिनं शेणाचं टोपलं पायानं माझ्याकडं सरकवलं. "तुम्हाला कुणी ठेवून घेतलेलं नाही. कुणी न्यायला तयार झालं नाही, एवढंच. चला, शेण भरा."